परिपाठाच्या जागेवरचा गेम

सर, मी आता कोरेगावच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली. खडू हातात घेतला की तो आडवा धरायचा, हे तुम्हीच शिकवलंत, त्यामुळे तुमची आठवण आली नाही असा माझा एखादाच तास गेला असेल. पण आठवण येणं वेगळं आणि तुमच्याशी बोलायला बसणं वेगळं. आज बसले आहे. दिवाळीची सुट्टी लागली आहे, दुपारची वेळ आहे, घरात कुणी नाही. सुट्टीच्या आधी शाळेत एक गोष्ट घडली, ती तुम्हालाच सांगायला हवी, कारण तिची सुरुवात तुमच्यापासून होते.

कडेगावच्या शाळेत फाटकातून आत आलं की डाव्या हाताला तुमचा फलक होता. सण असो, जयंती असो, आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर तुम्ही स्टुलावर चढायचात. रंगीत खडू साखरेच्या पाण्यात भिजत घातलेले असायचे, म्हणजे रंग उठून दिसतो आणि कुणाची बाही लागली तरी जात नाही. त्या फलकाला हात लावायची कुणाची छाती नव्हती. सातवीत असताना मी लावला. शनिवारची सकाळची शाळा सुटली होती, दिवाळी तोंडावर होती, खडू भिजलेले होते आणि तुम्ही ऑफिसात गेला होता. मी एक बाई काढली. एस.टी.तून उतरणारी, डोळ्यांवर काळा चष्मा, मनगटावर घड्याळ, हातात फुगलेली पिशवी. तुम्ही आलात, क्षणभर बघितलंत आणि ओला फडका उचललात. "सिनेमातल्या नट्या काढायला हा फलक न्हाई. हे सगळं बाहेरचं. तुझं काय हाय यात?" असं म्हणत तुम्ही तीन हात मारून ती पुसलीत. ती माझी आत्या होती, सर. मिरजेला दवाखान्यात नर्स होती. ती एस.टी.तून उतरली की आमची खरी सुट्टी सुरू व्हायची. बारा वर्षांच्या मला तुमच्यासमोर तोंड उघडता येत नव्हतं.

तुम्ही वाईट माणूस होता असं मला म्हणायचं नाही. तुम्हीच मला चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसवलंत. दहावी झाल्यावर एका रविवारी सायकलवरून आमच्या बौद्धवस्तीत आलात आणि आमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसलात. शाळेतले सर आपल्या चुलीपुढं बसून चहा पितात, या गडबडीत आईनं साखर दोनदा घातली. तो पाक तुम्ही गपगुमान प्यायलात आणि माझ्या वडिलांना, दादांना म्हणालात, "हिचा हात चांगला हाय. ए.टी.डी.ला घाला, सांगलीला. चित्रकलेची मास्तरीण हुईल." दादा म्हणाले, "आवं सर, एकटी पोर, तितक्या लांब कशी ऱ्हाईल?" तुम्ही म्हणालात, "पहिल्या दिवशी मी सोडून येतो. मग ती शिकंल ऱ्हायला." आणि आलात. सांगलीच्या स्टँडवर उतरल्यावर तुम्ही माझ्या हातात कागदात बांधलेला भडंग आणि बारा रंगांची खडूपेटी दिलीत. ती पेटी मी दोन वर्षं उघडली नाही. वापरली तर संपेल, या भीतीनं. आज हसू येतं, पण तेव्हा तसंच वाटलं.

आता यंदाचं सांगते. सहामाही परीक्षा संपली होती. नववीच्या वर्गाला मी म्हटलं, फळ्यावर दिवाळीचं काहीतरी काढा, मी आलेच. परत आले तर वर्ग गोळा झालेला आणि एक मुलगी फळ्याशी उभी. सगळं चित्र चौकोनी ठिपक्यांचं, मोबाईलच्या गेममध्ये असतं तसं. एक चौकोनी माणूस उडी मारतोय, पुढं अडथळे, वर कोपऱ्यात उरलेली आयुष्यं दाखवणारी बदामासारखी चिन्हं. मला राग आला. दिवसभर पालक फोन करतात, मॅडम, तो मोबाईल सोडत नाही, मॅडम, ती जेवत नाही. आणि इथं फळ्यावरही तेच. मी डस्टर उचलला. "गेम घरी. इथं दिवाळी सांगितली होती," असं म्हणाले आणि पुसलं. मुलगी खाली जाऊन बसली.

पुढच्या दोन तासांना तिनं चित्रकलेची वहीच काढली नाही. मी विचारलं तर म्हणाली, "इसरली, मॅडम." तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिची बाकावरची मैत्रीण माझ्यामागं आली. "मॅडम, रागवणार नसशीला तर सांगू? तो गेम मोबाईलमधला न्हवता. तिनंच केल्ता."

"म्हणजे?"

"ती उडी मारणारी तिची आई हुती. आई एस.टी.त कंडक्टर हाय न्हवं. दिवाळीत जादा गाड्या असत्यात, तिला रजा मिळत न्हाई. तर गेम असा हाय, की कंडक्टरबाईनं फलटणवरनं निघून पहाटेच्या आंघोळीआधी घर गाठायचं. वाटंत उसाच्या ट्रॉल्या, पंक्चर, सगळं. आणि वर ती बदामं न्हवती मॅडम, चहाचं कप हुतं. तीन कप म्हंजी तीन लाईफ."

मी तिथंच व्हरांड्यात उभी राहिले. घंटा झाली, मुलं वर्गात गेली. सर, मी कप बघितले नव्हते. खाकी रंगही बघितला नव्हता. मी चौकोन बघितले आणि हात चालवला. माझा हात कसा चालला हे मला नंतर आठवलं. वरून खाली, तीनदा.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेले आणि सगळ्यांसमोर त्या मुलीला म्हटलं, "तुझं चित्र मी न बघता पुसलं. माझी चूक झाली." मुलीनं मान खाली घातली. मी विचारलं, "परत काढशील?" ती म्हणाली, "फळा पुरत न्हाई, मॅडम. रस्ता लय लांब हाय."

तेव्हाच मी ठरवलं. परिपाठाला सगळी शाळा जिथं उभी राहते तो सिमेंटचा कोबा, तिथं हा गेम काढायचा. अख्ख्या वर्गानं मिळून काढायचा आणि सुट्टीच्या आदल्या दिवशी पालकांना बोलवून खेळायला लावायचा. मोबाईलवर नाही, पायांनी. ठिकरी टाकायची आणि लंगडी घालत घरं पार करायची, जशी आम्ही घालायचो.

मुख्याध्यापक ऐकूनच वैतागले. "मॅडम, दिवाळीला किल्ला काढा, पणत्या काढा, कोण नको म्हणतंय? पालक म्हणतील, मोबाईल सुटावा म्हणून पोरं शाळेत घालतो आणि मॅडम शाळेतच गेम काढत्यात."

"चाळीस मुलं चार दिवस मोबाईल बाजूला ठेवून गुडघ्यावर बसणार आहेत, सर. त्याला काय म्हणतील?"

"मग पाण्याच्या टाकीमागं काढा. तिथं जागा हाय."

"टाकीमागं नाही. परिपाठाच्या जागेवरच."

"आणि तक्रार आली तर? पाणी मारून घ्यायला लागंल."

"मारा. बादली मी आणून देते. पण आधी उभं राहून पूर्ण बघायचं आणि मग मारायचं. न बघता नाही."

एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी त्यांच्याशी कधी असं बोलले नव्हते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "पहिल्या तक्रारीला बादली. लक्षात ठेवा."

चार दिवस आम्ही कोब्यावर होतो. आधी दोरी धरून चौकोन आखले. त्या मुलीनं वहीतल्या आलेखाच्या कागदावर सगळा रस्ता आखून आणला होता, त्यात एक चौकोन म्हणजे कोब्यावर एक वीत. ती फिरून फिरून सांगत होती आणि चाळीस मुलं ऐकत होती. फलटणचा स्टँड कुणी काढला, साखर कारखान्याची चिमणी कुणी काढली, ट्रॉलीतून पडलेली उसाची कांडी हा सगळ्यात अवघड अडथळा ठरला. मी त्यांना खडू आडवा धरायला शिकवलं आणि तुमचं साखरेचं पाणीही करून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघतो तर सगळ्या रस्त्यावर मुंग्यांच्या रांगा. मुलं ओरडली, "मॅडम, खरे शत्रू आले!" मग साध्या पाण्यानं धुऊन तो भाग परत काढला. तुमचा फलक भिंतीवर उंच होता, म्हणून तुम्हाला हे कधी कळलं नसावं.

तिसऱ्या दिवशी एक पालक आले. मुलाला न्यायला आले होते, कोब्यावरचं बघून तडक ऑफिसात गेले. "ही काय पद्धत झाली?" एवढं मला बाहेर ऐकू आलं. मी खरंच नळाखालची बादली उचलून दाराशी नेऊन ठेवली आणि तिच्याजवळ उभी राहिले. मुलं हातात खडू धरून माझ्याकडं बघत होती. मुख्याध्यापक त्या गृहस्थांना घेऊन बाहेर आले. बादलीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि त्या गृहस्थांना म्हणाले, "आधी पूर्ण बघून घ्या. मग बोलू." दोघं सुरुवातीपासून शेवटापर्यंत रस्त्याच्या कडेकडेनं चालत गेले. मुलगी मागून जाऊन एकेक अडथळा सांगत होती. शेवटी ते गृहस्थ म्हणाले, "ट्रॉलीचं चाक चुकलंय. डबल टायर असतो." खाली बसून त्यांनी स्वतःच चाक दुरुस्त केलं. ते ट्रॉली चालवतात हे आम्हाला तेव्हा कळलं. मी बादली परत नेऊन ठेवली.

सुट्टीच्या आदल्या दिवशी पालक जमले. मुलीची आई येईल अशी कुणाला आशा नव्हती, मुलीलाही नव्हती. ती साडेअकराला आली. सकाळची गाडी आगारात लावून, तशीच खाकीत, खांद्याला तिकिटाचं मशीन अडकवलेलं. गर्दीत उभी राहून तिनं विचारलं, "ही कोण म्हणायची, ही उड्या मारणारी?" मुलगी म्हणाली, "तूच की."

आईनं वाकून ते चहाचे कप मोजले. मग म्हणाली, "आणि मी घरी पोचते का न्हाई?"

"मला काय माहीत? खेळ की."

ती खेळली. मशीन लेकीच्या हातात दिलं, ठिकरी टाकली आणि लंगडी घालत निघाली. पहिल्या खेपेला पंक्चर, मग ट्रॉली, मग उसाच्या कांडीवर पाय टेकला आणि तिन्ही कप संपले. बायका हसायला लागल्या. मुख्याध्यापक म्हणाले, "बसा जरा, दमला असाल." ती म्हणाली, "दमायला काय झालंय? परत फलटणवरनं निघते." आणि निघाली. दुसऱ्या खेपेला ती शेवटच्या चौकोनापर्यंत आली. तो तिच्या घराचा मोठा चौकोन होता. मुलीनं त्यात पाट काढला होता, तेलाची वाटी, उटणं आणि पाटाभोवती रांगोळी. आत उडी मारायच्या आधी ती बाई एका पायावर थांबली, तोल सावरला आणि वाकून पायातली चप्पल काढली. मग दुसऱ्या पायातली काढली. दोन्ही चपला रस्त्यावर ठेवून ती अनवाणी त्या चौकोनात जाऊन उभी राहिली. लंगडीचा नियम मोडला, पण आउट कुणी म्हणालं नाही. मुलगी मशीन छातीशी धरून बघत होती. आई म्हणाली, "पोचले गं," आणि तिला जवळ बोलावलं.

दुपारी दोनला तिची पुढची गाडी होती. दिवाळीच्या पहाटे ती पुण्याच्या रस्त्यावर असणार आहे, हे त्या चित्रानं बदललेलं नाही. पण सुट्टीनंतर मी मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज देणार आहे, की दर वर्षी सहामाहीनंतर चार दिवस तो कोबा चित्रकलेला मिळावा. नाही म्हणाले तर परत देईन. वर्गांनाही सांगून ठेवलं आहे, काय काढायचं ते तुम्ही ठरवा, पण तुम्ही काय काढलंय हे मला विचारायला लावा. पुसायच्या आधी विचारायचं, एवढा एक नियम मी स्वतःला घातला आहे आणि निवृत्त होईपर्यंत तो पाळणार आहे.

हे पत्र मी कुठं पाठवणार नाही, वहीतच राहील. आणि एक कबूल करते. हे लिहिताना मी एक वाक्य दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं, कारण तुम्ही मला सांगलीला सोडायला आला होता आणि आईचा तो चहा प्यायला होता. आता तिसऱ्यांदा लिहिते आणि खोडत नाही. त्या शनिवारी तुमचं चुकलं होतं, सर.