शहाण्णव पत्त्यांचा मोर

३ फेब्रुवारी १९७१, बुधवार

झाला! शहाण्णवावा पत्ता आज भोकं पाडून झाला. अंगठा टम्म सुजलाय, पण मोर पुरा झाला!

आई म्हणते, "दिसभर पत्ते कुटती, कुनाचं भलं हुनार हाय त्यानं?" तिला कितीदा सांगितलं. आलेखाच्या कागदावर मी मोर काढला, चौकोन भरून. चौकोनांची एक ओळ म्हणजे पुठ्ठ्याचा एक पत्ता. जिथे चौकोन भरलेला, तिथे भोक. माग एकेक पत्ता वाचत जातो आणि तसतसा मोर कापडात उतरतो. शहाण्णव ओळी, शहाण्णव पत्ते, पदरभर मोरांची रांग. वरच्या ओळीपासून एक, दोन, तीन असे आकडे घालून मी सगळे दोऱ्यात ओवले. ही लांब माळ!

आजवर विणकर सोसायटीचे पत्ते बाहेरगावाहून यायचे. चेअरमन म्हणालेत, "नगरच्या श्रीमंतशेठनी त्यांच्या चित्रावरचा हा नमुना पसंत केला, तर पत्त्यांचं काम कायमचं तुझं." नाहीच केला, तर पुन्हा घरी बसून कांड्या भरायच्या. सातवीला गणितात पहिली आले ती काय जन्मभर कांड्यांवर सूत गुंडाळायला?

८ फेब्रुवारी

माळ मागावर चढली. विणायला बाबाजानचाचा. सोसायटीत एवढा जुना हात दुसरा नाही.

चाचा दहा-बारा धोटे टाकून थांबले. "बेटी, तुरा आधी आला. पाय आधी याया पायजे हुतं न्हाई का?"

मी म्हटलं, "चाचा, मागावर उलटा दिसतो तोच अंगावर सरळ पडतो. आमच्या घरी मी रोज बघते!"

"तुजा नकाशा, तुला ठावं," म्हणाले आणि विणत राहिले. मला शिकवतात!

१२ फेब्रुवारी

लिहू नये असं वाटतंय. लिहिते.

साडी मागावरून उतरली. आई बघायला आली होती. चेअरमन म्हणाले, "मालनबाई, जरा खांद्यावर घ्या, पदर कसा पडतो बघू." आईने घेतला, पाठ फिरवली. सगळेच्या सगळे मोर डोकं खाली, पाय वर! कुणी तरी फिसकन हसलं. चेअरमन म्हणाले, "हे काय, शीर्षासन?" मग हळूच, "चांगुणा, शेठ चोवीसला येतायत. मी बाहेरूनच पत्ते मागवतो."

चूक माझीच. आमच्या घरी आप्पा पदर शेवटी विणतात. बाबाजानचाचा पदर आधी विणतात. हात ताजा आहे तोवर नक्षी उरकून घ्यायची, ही त्यांची पद्धत. पदर आधी म्हटलं की पहिला धागा तोच पदराचं खालचं टोक. तिथे मोराचे पाय हवेत. मी तुरा दिला. चाचांनी विचारलं होतं! आणि मी काय ताठ्यात बोलले!

१३ फेब्रुवारी

कांड्या भरल्या.

१४ फेब्रुवारी, रविवार

अंघोळीला पाणी काढताना डोक्यात आलं. बादली तशीच सोडून पळाले. चित्र बरोबर आहे! पत्ते बरोबर आहेत! नुसता क्रम उलटा हवा. शेवटची ओळ पहिली, पहिली शेवटची. बस!

तशीच चाचांच्या घरी गेले. आधी माफी मागितली. मग म्हटलं, माळ आहे तशी फिरवून शेवटाकडून चढवू. चाचा हसले. "मंग मोर उभा ऱ्हाईल, पन त्वांड फिरवून बसंल." खरंच की! माळ फिरवली की डावं उजवीकडे जातं, आणि शेठच्या चित्रात मोर उजवीकडेच बघतो. म्हणजे माळ सोडायची, प्रत्येक पत्ता सरळच ठेवायचा आणि फक्त ओळीतली जागा बदलायची.

चाचा माझ्याबरोबर चेअरमनकडे आले. म्हणाले, "सायेब, पोरीचं येक बी भोक चुकल्यालं न्हाई. मी इनलंय, मला ठावं." चेअरमन म्हणाले, "चोवीसपर्यंत. त्यापुढं नाही."

चाचा, तुमच्यावरून जीव ओवाळून टाकावा!

१६ फेब्रुवारी

अंगणभर पत्ते. शहाण्णव, पंच्याण्णव, चौऱ्याण्णव... वाऱ्याने उडू नयेत म्हणून प्रत्येकावर खडा. आप्पा आकडे वाचतात, मी मांडते, आई ओवते. कालपर्यंत पत्त्यांना शिव्या घालणारी आई!

एक्केचाळीस सापडेना. घर पालथं घातलं. मी रडायच्या बेतात. शेवटी आई उठली, तर एक्केचाळीस तिच्या बुडाखाली! आप्पा इतके हसले की ठसका लागला.

१९ फेब्रुवारी

पाय! आधी पाय आले!!

२४ फेब्रुवारी

जिंकले!

शेठ आले. पुन्हा आईचाच खांदा. तिने पाठ फिरवली आणि पदरभर मोर ताठ उभे, तुरे वर, तोंड उजवीकडे. शेठनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "कोणाचे पत्ते?" चेअरमन म्हणाले, "आमच्याच चांगुणाचे." आमच्याच! बारा दिवसांपूर्वी मी कुणाची होते कोण जाणे!

बारा साड्या सांगून गेले. पत्त्यांचं काम कायमचं माझं. आप्पा घरी येईपर्यंत वाटेत भेटेल त्याला थांबवून सांगत होते. मला लाज वाटली, पण त्यांना थांबवलं नाही.

उलट्या मोरांची साडी कोपऱ्यात पडून होती. चेअरमन म्हणाले, "घेऊन जा घरी."

२८ फेब्रुवारी, रविवार

आईने आज ती उलट्या मोरांची साडी नेसली. घरात जन्मभर माग, पण तिच्या अंगावर नक्षीचा पदर मी आज पहिल्यांदा पाहिला. शेजारची रतनबाई हसली, "मालनबाई, मोर पडलं की तुमचं!" आईने पदराचं टोक पुढे घेऊन दोन्ही हातांनी डोळ्यांसमोर धरलं.

"मला तर सरळ दिसत्यात," म्हणाली.

नवीन कागद घेतलाय. पुढच्या पदरावर दोन रांगा. एक बघणाऱ्यांसाठी, एक नेसणारीसाठी.