एका आईची दोन लेकरं

चाकण,
१४ जुलै २०२४

ती. सौ. रुख्मिणीताईस, धम्मपालचा सा. जयभीम, वि. वि.

तू साक्षरता वर्गाची परीक्षा पास झाल्यापासून तुझा हुकूम आहे, की फोन कितीही कर पण महिन्याला एक पत्र पाहिजे, नाहीतर अक्षरं विसरून जाईन. तर हे घे. मागच्या पत्रात तू ‘कुशल’ बरोबर लिहिलंस आणि सख्ख्या भावाचं नाव चुकवलंस. इंद्रभान भाऊजींना सांगत नाही.

छातीत जळजळ होते, घशाशी आंबट येतं, असं लिहिलं होतंस. ताई, माझंही तेच दुखणं निघालं. कंपनीच्या विम्यावर तिसऱ्याच दिवशी घशातून दुर्बीण घालून तपासणी झाली. वाईट काही नाही. जेवून लगेच आडवं होऊ नका, पलंगाची उशाकडची बाजू उंच करा, असं डॉक्टर म्हणाले. मी दोन विटा लावल्या. रिपोर्टची झेरॉक्स आणि माझ्यातल्याच साठ गोळ्या सोबत पाठवतोय. रोज सकाळी उपाशीपोटी एक घे. एका आईची लेकरं आपण, दोघांचं पोट सारखंच. आणि ठेचा जरा कमी कर.

माझ्या भाचीला, पौर्णिमाला आशीर्वाद. भावावर माया ठेव, रागावलीस तरी.

तुझा,
धम्मपाल

*

इंझोरी,
४ ऑगस्ट २०२४

चि. धम्मपालास, ताईचा जयभीम व अ. उ. आशीर्वाद.

नाव यावेळी नीट लिहिलं, पाहून घे. तुझं पत्र मीच वाचलं, पौर्णिमाले हात लावू दिला नाही. तुझा रिपोर्ट पेटीत साड्यांखाली ठेवला. दवाखान्यातल्या नर्सबाई मले म्हणत होत्या, अकोल्याले जाऊन दुर्बीण घालून या. मी सांगितलं, भावाले घातली, चांगलं निघालं, आता दुसऱ्यांदा कायले? एक दिवस गेला की निंदणाच्या टोळीत माह्या जागी दुसरी बाई येते.

तुह्या डॉक्टरचं ऐकून हसू आलं. जेवून आडवं होऊ नका म्हणतात, अन् आमी जेवलो की वाकतो. अकराले भाकर खाल्ली की दिवस बुडेपर्यंत निंदण, कंबर वरच होत नाही. खाल्लेलं सारं घशाशी येते. कंबरेसाठी दुकानातली दुखण्याची गोळी खायची, भूक मारायले तंबाखू. पलंग नाही, तर विटा कशाले लावू? अन् ठेचा सोडला तर भाकरीसंग खाऊ काय, तेही लिहून पाठव.

गोळ्यांनी लय बरं वाटलं. पण दहा दिवसांत संपल्या. रागावू नको. बांधावर फडकं सोडलं की एकटीनं खायची आमच्यात रीत नाही. आमी सहाही जणींनी रोज एकेक खाल्ली. गोमतीबाईले तर माह्यापेक्षा जास्त जळजळ आहे.

जीव लावतोस तसाच लावत राहा.

तुझी ताई,
रुख्मिणी

*

चाकण,
१७ नोव्हेंबर २०२४

ती. सौ. ताईस, सा. जयभीम, वि. वि.

काल पौर्णिमाचा फोन आला. तू भाकर पाण्यात भिजवून गिळतेस, तीही अर्धीच. पोलकी सैल झालीत. आवाज बसला म्हणून माझे फोन टाळतेस. हे सगळं दसऱ्यापासून चाललंय आणि तू मला कापसाचं पीक कसं आहे ते लिहितेस.

मला माझाच राग येतोय, ताई. दुर्बीण माझ्या घशात घातली होती, तुझ्या नाही. माझ्या रिपोर्टवर तुला निश्चिंत केलं आणि वर गोळ्या पाठवून मोकळा झालो. सोयाबीन सोंगून झालं की तपासायला जाईन म्हणालीस, मग कापूस वेचून झाला की. आता तुरीचं नाव काढू नकोस. सुट्टी टाकली आहे. शुक्रवारी येतो आणि तुला अकोल्याला घेऊन जातो.

तोवर माझ्यासाठी थोडं दूध तरी घे.

तुझा,
धम्मपाल

*

इंझोरी,
२२ डिसेंबर २०२४

चि. धम्मपालास, अ. उ. आशीर्वाद.

आवाज पुरा गेला. आता लिहिता येते तेवढंच माह्यापाशी आहे. बरं झालं शिकली.

डॉक्टरनं तुले बाहेर बोलावलं, तवाच मले समजलं. तू परत आला अन् एकदम गाडीच्या टायमाचं बोलाले लागला. तुले लहानपणापासून खोटं बोलता येत नाही. मंग पौर्णिमाले खोदून विचारलं. अन्ननलिकेत गाठ आहे, पसरली आहे, चार महिने आधी आल्या असत्या तर काही करता आलं असतं, असं म्हणाले ना?

तू सोताले दोष देऊ नको. तुझा रिपोर्ट मी पेटीतून काढून पाहत जायची. वाचता येत नव्हता, इंग्रजी होता, पण पाहिला की आपलं बरंच आहे असं वाटे.

आता दूध अन् वरणाचं पाणी. तेही अडकते. टोळीतल्या बाया भेटाले येतात अन् माह्यापुढं भाकरीचं नाव काढत नाहीत. भाऊ, मले मरायचं नाही रे. पौर्णिमाची बारावी तरी पाहायची होती.

ये एकदा. गोळ्या आणू नको.

तुझी ताई,
रुख्मिणी

*

इंझोरी,
९ मार्च २०२५

ती. धम्मपालमामांस, पौर्णिमाचा सा. जयभीम, वि. वि.

आई गेली, तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाहून तुम्ही परत गेलात, त्याला आज पंधरा दिवस झाले. माझे पेपर सुरू आहेत, मी एकही चुकवला नाही.

एक सांगायचं होतं. गोमतीबाईलाही घास अडकत होता. मी मागे लागून तिला अकोल्याला नेलं. तिच्या अन्ननलिकेत जखम आहे, पण गाठ नाही, औषधानं बरी होईल. ती परत आली तेव्हा टोळीतल्या बाकीच्या चौघी जमल्या आणि तिच्या रिपोर्टची झेरॉक्स मागू लागल्या. एकाच बांधावर जेवतो, एकीचं पाहिलं म्हणजे सगळ्यांचं पाहिलं, असं त्यांचं म्हणणं.

मी पेटी उघडली. तुमचा रिपोर्ट काढला, आईचा काढला, दोन्ही त्यांच्यासमोर ठेवले आणि सांगितलं, ही एका आईची दोन लेकरं. गोमतीबाई रडायला लागली.

मंगळवारी चौघीही अकोल्याला चालल्या आहेत. त्या दिवशी टोळी बंद. तुमचा रिपोर्ट मी परत पाठवत नाही, अजून कोणाला दाखवावा लागेल.

तुमचा लोभ आहेच. आईच्या वाट्याचाही आता मलाच द्या.

तुमची भाची,
पौर्णिमा