नऊ गळके नळ आणि एक पिवळा हसरा चेहरा

चिरंजीव धाकट्यास ताईचे भरभरून आशीर्वाद.

तुझी तब्येत ठणठणीत असणार असं धरून चालते, कारण परवा शाळेच्या फाटकापाशी मला पाहून तू ज्या वेगानं गाडीची काच वर केलीस, त्या वेगानं आजारी माणसाचा हात चालत नाही. गुडघा कसा आहे? औषध वेळेवर घेतोस ना? भावजयीची चौकशी करत नाही, तिची खुशाली मला तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे (ती कशी, ते शेवटी येईलच). इकडे देवाच्या दयेनं सगळे बरे आहेत. तुला तीनदा फोन केला, तू उचलला नाहीस. चौथ्यांदा उचललास आणि "अध्यक्ष मीटिंगमध्ये आहेत" असं स्वतःच्याच आवाजात सांगितलंस. तुला बोलायला मी शिकवलं, रे. तो आवाज मी ओळखणार नाही? म्हणून हे पत्र. कागद पाठकोरा आहे, मनाला लावून घेऊ नकोस. मागच्या बाजूला गेल्या वर्षीचा एप्रिल आहे, तो वाचायची गरज नाही.

आधी मुद्द्याचं सांगून टाकते, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील. तू भावजयीकरवी निरोप पाठवलास की "ताईला म्हणावं, नातीला समजाव आणि ते प्रकरण मिटव." मी समजावणार नाही. मिटवणारही नाही. माझी नात म्हणजे आपली भिंगरी (शाळेतलं नाव लिहीत नाही, नियम आहे, पुढे येईल) चुकलेली नाही, आणि जी चुकलेली नाही तिला माफी मागायला लावायचं हे पाप मी या वयात अंगावर घेणार नाही. मला रोज सकाळी देवापुढे बसायचं असतं. तुझं तसं नाही, तुला फक्त शाळेच्या कमिटीपुढे बसायचं असतं.

आता सगळं पहिल्यापासून सांगते, कारण तुझ्या कानावर ते मुख्याध्यापकांच्या तोंडून गेलंय आणि त्या वाटेनं गेलेली गोष्ट अर्ध्यात वाकते. भिंगरीच्या वर्गशिक्षिकेनं (पोरगेलीशी आहे, पण आवाज न चढवता वर्ग गप्प करते) यंदा ठरवलं, की मुलांनी वर्षभर केलेलं काम दोरीनं बांधून कपाटावर टाकायचं नाही. वर्गाची वेबसाइट करायची आणि त्यावर सगळ्यांचं काम लावायचं. वेबसाइट फुकट. हा शब्द ऐकला आणि माझे कान टवकारले. साबणावर फुकट मिळालेला कंगवा दोन दिवसांत बोडका झालेला मी पाहिलाय. पालकसभेत हात वर करून विचारलं, की बाई, जागा कोणाची, वीज कोणाची, आणि उद्या जागामालकानं "उठा" म्हटलं तर पोरांचं सामान कुठे न्यायचं? बाकीचे पालक हसले. शिक्षिका हसली नाही. तिनं नीट समजावलं, की कंपनी पानाच्या खाली जाहिराती दाखवते आणि त्यावर तिचं भागतं. मी पंधरा दिवस रोज मुलाच्या फोनवर ती वेबसाइट उघडून पाहिली, काही चोरीला जात नाही याची खात्री केली, आणि मगच संमतिपत्रावर सही केली. (मुलगा-सून दोघं कामावर असतात, तेव्हा पालकाच्या रेघेवर सही माझी. सवय आहे मला. तुझ्या प्रगतिपुस्तकावर दहावीपर्यंत सह्या कोणी केल्या, ते तू विसरला असशील. मी नाही.)

त्या संमतिपत्रात नियम होता आणि तो मला फार आवडला. पानावर कुणाचंही नाव येता कामा नये, कुणाचाही चेहरा येता कामा नये. चेहऱ्यावर पिवळा हसरा गोल चिकटवायचा. तो गोलही त्याच वेबसाइटवर मिळतो, हवे तितके घ्या, मोजत कुणी नाही. मी भिंगरीकडून नियम तीनदा मोठ्यानं वाचून घेतला आणि बजावलं, की नियम म्हणजे नियम, समोर कोणीही असो. धाकट्या, पुढे जे झालं ते या "कोणीही असो"मुळे झालं. तेव्हा दोष द्यायचाच तर मला दे.

मुलांना विषय दिला होता, शाळेतली अशी एक गोष्ट जी तुम्ही स्वतः मोजलीत. एका गटानं जिन्याच्या पायऱ्या मोजल्या. एका गटानं घंटा खरोखर किती मिनिटं उशिरा होते ते मोजलं (ते पान मुख्याध्यापकांनी अजून पाहिलेलं नाही, तू सांगू नकोस). भिंगरीच्या गटानं नळ घेतले. गळणारं पाणी मोजायचं कसं, हे तिनं मला विचारलं आणि मी दाखवलं, की नळाखाली पेला ठेव, घड्याळ बघ, पेला भरला की वेळ लिही, आणि पेले पुन्हा बादलीत ओतून पडताळा घे, तोंडी हिशेबावर विसंबू नकोस. चार पोरं आठ दिवस मधल्या सुट्टीत पेले घेऊन उकिडवी बसली. एकूण नळ तेवीस, गळके नऊ, दिवसाला वाया जाणारं पाणी एकवीस बादल्या. मी स्वतः जाऊन तीन नळ पुन्हा मोजून आले. पोरांचा आकडा एका पेल्यानंसुद्धा चुकलेला नव्हता. आणि शेवटी भिंगरीनं लिहिलं होतं, "नळ बंद केला तरी तो काम करतच राहतो. त्याला सुट्टी नाही." मॅट्रिकला माझा निबंध वर्गात वाचून दाखवला होता, पण असं वाक्य मला सुचलं नव्हतं.

आता फोटो. सगळ्यात जास्त गळणारा नळ टाकीपाशी आहे, आणि त्याच्या डोक्यावर तुझ्या नावाची संगमरवरी पाटी आहे. दोन वर्षांपूर्वी तू पडद्याची दोरी ओढलीस आणि पडद्याऐवजी दोरीच हातात आली, तीच ती पाटी. फोटोत नळ आला, नळाबरोबर पाटी आली, पाटीवर तुझं नाव आलं. नियम काय? नाव दिसता कामा नये. पोरीनं इमानानं तुझ्या नावावर पिवळा हसरा गोल ठेवला. नाव लांब, पदवीसकट, म्हणून गोल जरा मोठा झाला. मागून मुख्याध्यापक चालले होते, त्यांच्याही चेहऱ्यावर गोल बसला (तरी पोटावरून सगळ्यांनी ओळखलं, पण पोटाबद्दल नियमात काही नाही). आणि या सगळ्याच्या खाली त्या फुकटच्या कंपनीनं आपणहून जाहिरात आणून ठेवली, की "नळ गळतोय? आजच बोलवा." देवाशपथ सांगते, ती पोरांनी लावलेली नाही. यंत्रानं पान वाचलं आणि त्याला जे समजलं ते त्यानं केलं. तुमच्या कमिटीला ते दोन वर्षांत जमलं नाही.

तुला काय दिसलं? गळका नळ, आणि आपल्या नावाच्या जागी खदाखदा हसणारं तोंड. तुला वाटलं पोरं तुला हसतायत. अरे वेड्या, ती तुला झाकत होती!

मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. मी गेले, डबा घेऊनच गेले, कारण तिथे बसवून ठेवतात हे मला माहीत आहे. ते म्हणाले, "आजी, ऑनलाइन गेलं की जगभर जातं. संस्थेची जगभर बदनामी झाली." मी म्हटलं, पानाच्या तळाशी किती जणांनी पाहिलं ते लिहून येतं, एक्केचाळीस. त्यातल्या सव्वीस वेळा मीच उघडलंय. उरलेल्या पंधरांत जग किती आणि नातेवाईक किती, ते तुम्ही बघा. मग म्हणाले, आकडे चुकीचे असतील. मी पिशवीतून पेला काढून टेबलावर ठेवला आणि म्हटलं, चला. ते आले नाहीत. म्हणाले, विषय पाण्याचा नाही, शिस्तीचा आहे. आणि शिक्षिकेला सांगून त्यांनी पान बंद करायला लावलं. आता तिथे बोट ठेवलं की कुलपाचं चित्र येतं. ते पान कायमचं पुसायचं की पुन्हा उघडायचं, हे गुरुवारी तुझी कमिटी ठरवणार, असं ऐकते.

भिंगरी रडली नाही. रडली असती तर मी तिला जवळ घेतलं असतं आणि हे पत्र लिहायची वेळ आली नसती. तिनं विचारलं, "आजी, आम्ही मोजलेलं चुकलं का?" मी म्हटलं, नाही. "मग कुलूप का?" याचं उत्तर तुझ्याकडे आहे, म्हणून तिला म्हटलं, अध्यक्षांना विचारून सांगते.

पण तोवर हात बांधून बसायला मला येत नाही. फुकटात काम करायचं तर माझ्याकडेही साधनं आहेत. जुन्या कॅलेंडरांची बारा पानं, पाठकोरी (मी टाकत नाही, तू हसायचास), पिठाची खळ आणि माझं अक्षर. भिंगरी सांगत गेली आणि मी ती वेबसाइट जशीच्या तशी उतरवून काढली. फोटोंच्या जागी तिनं चित्रं काढली. पिवळे गोल बरणीचं झाकण ठेवून आखले. तळाशी जाहिरातही लिहिली, कारण नक्कल म्हणजे नक्कल. जिथे जिथे "इथे दाबा" होतं तिथे चौकोन करून "इथे दाबा" लिहिलं आणि सगळं शाळेच्या बाहेरच्या भिंतीला चिकटवलं. धाकट्या, माणसं दाबायला लागली! चांगले शिकलेसवरलेले, चष्मा लावलेले लोक कागदावर बोट टेकवून वाट बघत उभे. मग मला वाईट वाटलं आणि मी चौकोन असलेलं प्रत्येक पान फक्त वरच्या कडेला चिकटवलं आणि पुढचं पान त्याच्यामागे लावलं. दाबा आणि उचला, की पुढचं पान. खाली पेन्सिल दोरीनं बांधून ठेवली, अभिप्रायासाठी. पहिल्या दिवशी अकरा आले. कोपऱ्यावरच्या शिंप्यानं लिहिलं, "मुलांनो, आता रस्त्यावरचे दिवे मोजा." मूळ वेबसाइटवर एकच अभिप्राय होता, तोही माझा.

दुसऱ्या दिवशी शिपायाला पानं काढायचा हुकूम झाला. त्यानं खळ पाण्यानं भिजवून (गळक्या नळाच्या) एकही पान न फाडता सगळी काढली, घडी घालून घरी आणून दिली, आणि पायरीवर उभा राहून म्हणाला, "आजी, टाकीपाशी वॉशर बदलायला मी केव्हाचा मागतोय. अर्ज केलाय. दोन." त्या माणसाला ओरडू नकोस. त्याच्या नावावरही मी हसरा गोल ठेवला आहे असं समज.

तर हे असं आहे. तू कुलूप लाव, मी भिंत शोधीन. तू भिंत रंगवून घे, मी नवीन पीठ कालवीन. कॅलेंडर दरवर्षी येतं. देवाला सगळं दिसतं आणि त्याला लिंक पाठवावी लागत नाही, पण बाकीच्यांना पाठवावी लागते, आणि ती मी पाठवत राहणार. यात तुझा अपमान नाही. नळ तू गळवलेला नाहीस, फक्त त्याच्यावर तुझं नाव आहे.

गुडघ्याला जप. जिने कमी चढ.

तुला अंगाखांद्यावर खेळवणारी,
ताई

ता. क. – विनंती म्हणशील तर विनंती, हुकूम म्हणशील तर हुकूम. गुरुवारी ते पान उघडायच्या बाजूनं हात वर कर. गुडघा दुखतो, हात दुखत नाही.

ता. क. दुसरा – शाळेची भिंत गेली म्हणून आज सकाळी सगळी बारा पानं तुझ्या कंपाउंडच्या भिंतीला, बस थांबते त्या बाजूला लावली आहेत. तू फिरायला गेला होतास. शिडी भावजयीनं धरली आणि खळही तिनंच घट्ट केली. तिची पाठ उत्तम आहे.

ता. क. तिसरा – पहिला अभिप्रायही तिचाच आला. लिहिलंय, "नऊ नाही, दहा. दहावा आमच्या स्वयंपाकघरात." पेला मी तिच्याकडे ठेवून आले आहे.

ता. क. शेवटचा – भिंगरी म्हणते, नळ दुरुस्त झाले की तुझ्या नावावरचा पिवळा गोल ती काढेल आणि "अध्यक्षांनी दुरुस्त करून घेतले" असं तुझ्या पूर्ण नावानिशी, पदवीसकट, ठळक अक्षरात लिहील. मात्र नाव छापायचं तर नियमाप्रमाणे संमतिपत्र लागतं. ते सोबत जोडलं आहे. पालकाच्या रेघेवर मी सही केली आहे. आता फक्त नळ बाकी आहेत.