कुमुदचं विरजण

१४ मार्च, शनि.
खारी गावातल्या वैद्यांकडून वसंतातला आहारविहार लिहून आणला. थंडीत साठलेला कफ आता उन्हाने सुटतो म्हणे, म्हणून माझं हे खोकणं. शाईच्या पेनाने मोठा तक्ता केला. पहाटे उठणे. कोमट पाण्यात मध. मूग, जव, कडू भाज्या. गोड, थंड, दही वर्ज्य. दुपारची झोप बंद. अक्षर अजून वळणदार. फ्रिजवर चिकटवला. चिरंजीव मंदार दहाला उठले, वाचून हसले. "बाबा, हे फक्त तुम्हाला ना?" म्हटलं, नियम एकट्याला नसतो, घराला असतो.
डोकं फिरलं. पण पाचवीतली वसंताची कविता अख्खी आठवली, चालीसकट.

१६ मार्च, सोम.
कोकिळेच्या जागी ड्रिल मशीन. समोर आणखी एक टॉवर. कवितेतला पळस बघायला चेण्याच्या जंगलात जायचं आता. मंदारच्या हातात सकाळी सातला कोल्ड्रिंक! तक्त्यावर बोट आपटून ओरडलो. सूनबाई मधे पडली, "बाबा, मी पाळतेय ना सगळं." खरंय. स्वाती एकटीच पाळते.
दुपारी खुर्चीत डोळा लागला. ती झोप नव्हे.

१९ मार्च, गुरु. पाडवा.
गुढी उभारली, कडुनिंब चावला. विचारलं, स्वाती, श्रीखंडाचा चक्का कधी बांधलास?
"चक्का? दही सोमवारपासून लावतच नाही. तुम्हीच लिहिलंत ना, वर्ज्य."
आणि विरजण?
"उरलं होतं थोडं, आंबट ढाण. भांडं घासून टाकलं."
घासून टाकलं!
कुमुद लग्न होऊन आली तेव्हा रत्नागिरीहून आईच्या घरचं विरजण डबीतून घेऊन आली. गिरगावची खोली, मग इथे भाईंदर. रोज आदल्या दह्यातलं चमचाभर. ती गेल्यावर चार वर्षं स्वातीने चालवलं. आणि आता मोरीत.
खूप बोललो. बोलू नये तेही. सणाची स्वाती जेवली नाही. मंदार एवढंच म्हणाला, "तक्ता कोणी लावला, बाबा?"
त्याच्याशीही बोलणार नाही.

२० मार्च, शुक्र.
चहाचा कप टेबलावर झाकून ठेवलेला. दुपारी मात्र स्वाती म्हणाली, "समोरच्या जयाबेनना आईंनी विरजण दिलं होतं. त्यांच्याकडे असेल."
जयाबेन! त्यांच्या पॅसेजमधल्या चपलांच्या कपाटाची सोसायटीत लेखी तक्रार केली मी. दोन वर्षं बोलणं नाही. मेलो तरी जाणार ना…
सातला वाटी घेऊन बेल मारली.
"अरे भाऊ! दो साल बाद?" वाटीकडे बघून, "दीवा हो गया. अब जामन नहीं देते. कुमुदबेन ने ही सिखाया था. सुबह आना." दार लावता लावता, "और कपाट वहीं रहेगा, हां!"
संताप संताप. कुमुदचासुद्धा. दिवेलागणीनंतर विरजण द्यायचं नाही, हे साऱ्या मजल्याला शिकवून ठेवायचं कशाला?

२१ मार्च, शनि.
सहाला गेलो. दिलं. विचारलं, तेच ना हे?
"वही है. बीच में मैं भावनगर गई थी, तब बहू ने क्या किया, भगवान जाने."
म्हणजे झालं!
स्वातीने दूध कोमट केलं, बोट बुडवून पाहिलं, विरजलं. माफी मागायला तोंड उघडलं आणि मधाच्या बाटलीबद्दल काहीतरी बोललो. ती म्हणाली, "असू दे बाबा." मग थोड्या वेळाने, "आईंच्या दह्याची चव वेगळी होती का हो? तुम्हाला ओळखू येईल?"
पाचवीतली कविता कडव्याकडव्याने पाठ. आणि जे उभा जन्म रोज भातावर घेतलं, ते…

चार वाजलेत. ओट्यावर भांडं, वर ताटली. "हलवू नका," असं बजावून गेलीय. खुर्ची स्वयंपाकघरात आणून बसलोय. झोपलो नाही आज.