संतुलित आहार आणि माझा डावा डोळा

३ मे २००६
डॉक्टर म्हणाले, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, पुढच्या महिन्यात काढू, पण आधी शुगर खाली आणा. म्हटलं, आणतो. गोडाऊन भाड्याने देताना भल्याभल्या शेठलोकांना नमवलंय, शुगर काय चीज आहे!
दवाखान्यात पेपरची पुरवणी पडली होती. ‘आहार संतुलित हवा आणि आनंददायीही.’ फाडून आणली. बारीक अक्षर दिसेना म्हणून पुढचं वाचलं नाही. मुद्दा कळला.
थोरली बहीण आक्का आमच्याकडेच असते. तिचंही तेच, मोतीबिंदू आणि शुगर. तिला म्हटलं, घाबरू नकोस, मी शिकवीन.

४ मे, सकाळ
मोड आलेले मूग. संतुलित आहेत, आनंददायी नाहीत. वर फरसाण टाकलं. आता दोन्ही. पार्वती नुसती बघत राहिली. बायको गप्प बसली म्हणजे पटलं.

७ मे
चालणं सुरू. सोबत गोडाऊनवरचा चांगदेव. अंजूर फाट्यापर्यंत गेलो. फाट्यावर भजी. जेवढं चाललो तेवढं खाल्लं, यालाच संतुलन म्हणतात. येताना रिक्षा, कारण भज्यांवर चालू नये असं कुठेतरी वाचलंय. चांगदेव म्हणाला, शेठ, मग निघालो कशाला? त्याला आहारशास्त्र समजत नाही.

१२ मे
राहनाळला पुतण्याची हळद. मटण. ताटात एका बाजूला काकडी घेतली, दुसऱ्या बाजूला मटण. तोल. पार्वती सगळ्यांसमोर म्हणाली, “काकरी पोटान जाऊन मटनाला मारते काय?” मांडव हसला. मीही हसलो, हसण्याने शुगर उतरते. वाढपी डावीकडून वाढत होता, त्यामुळे किती वाढलं ते दिसलं नाही. दोष डोळ्याचा, आहाराचा नाही.

१६ मे
पार्वतीने आज स्वतःच्या मनाने केलं. नाचणीची भाकरी, वालाचं बिरडं, खाडीतल्या बोयट माशांचं चिंच घालून कालवण, तेल नावाला. वाटलं होतं, पथ्याचं म्हणजे पुठ्ठा. पण काय चव! आक्का एका भाकरीत तृप्त होऊन उठली. म्हणाली, लहानपणी हेच तर जेवायचो. मी पाच भाकऱ्या खाल्ल्या. पथ्याचं जेवण जितकं जास्त, तितकं पथ्य कडक.

२१ मे
पुरवणीत फळांचं चित्र आहे. हापूसची पेटी आणली. आंबा हे फळ आहे, हे पार्वतीलाही नाकारता आलं नाही. रसात दूध घातलं नाही. पुरी घेतली, पण रस काय ओंजळीने खायचा?
आक्काने एक फोड घेतली. म्हातारीला आनंद कशाशी खातात ते कळत नाही.

२६ मे
हे लिहायचं नव्हतं.
सकाळी अंगणात गाडी रिव्हर्स घेत होतो. आक्का डावीकडे सुकट वाळत घालत बसली होती. मला दिसलीच नाही. चांगदेव गाडीवर हात आपटत ओरडला तेव्हा ब्रेक मारला. चाक सुकटीच्या चटईवर चढलं होतं. आक्काचा पाय वीतभर लांब.
ती जागची हलली नाही. म्हणाली, “मना एका डोल्यानं गारी दिसली. केसरी, तुला मी न्हाय दिसली?”
गाडी बंद करायचंही मला सुचेना. भुकेने असेल. पार्वतीने गाडीची चावी काढून कमरेला खोचली. एक शब्द बोलली नाही. या वेळी मात्र तिला काही पटलंय असं वाटलं नाही.

२७ मे, सकाळ
आजपासून कडक.

२७ मे, दुपार
एक पाहुणा आला. त्याला एकट्याला शेव-जिलबी खायला लावणं बरं दिसत नाही. उद्यापासून.

३ जून
शुगर वाढली. लॅबचं मशीन जुनं दिसतंय. डॉक्टरांनी विचारलं, खाता काय? म्हटलं, संतुलित. उरलेलं पार्वतीने सांगितलं. फरसाण, भजी, हळद, पेटी, जिलबी, सगळं क्रमवार. डॉक्टर हसले नाहीत. उद्या डोळा कायमचा गेला तर माझ्याकडे येऊ नका, म्हणाले.
आक्काची शुगर मात्र छान उतरलीय. माझी ऑपरेशनची तारीख तिला दिली. पथ्य कुणी शिकवलं, म्हणून डॉक्टरांनी तिला विचारलं. मी घसा साफ केला. आक्काने पार्वतीकडे बोट दाखवलं.

११ जून
आक्काची पट्टी निघाली. काळा चष्मा लावून ओटीवर बसलीय. पार्वतीचा पदर हातात धरून म्हणाली, “ह्या लुगऱ्यावर फुलं हाईत? मना कदी दिसलीच न्हाय.” पार्वती डोळे पुसत आत गेली. माझ्याही डोळ्यात काहीतरी गेलं.
शेजारची जानकीबाई पेढे घेऊन आली. ओटीवर गर्दी. मी मागच्या मागे सटकत होतो, तेवढ्यात आक्का म्हणाली, “केसरी, खिशातला पेढा काढ.”
सगळे बघत होते. काढून ठेवला.
“आता दुसऱ्या खिशातला.”