खोडलेला तुरा

सर, गोष्ट माझ्या एका विद्यार्थिनीची आहे, पण ती सुरू होते तुमच्याच वर्गात. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला तुम्ही आम्हाला इंग्रजी प्रेमकविता शिकवत होता. फळ्यावर तुम्ही लिहिलं होतं, गुलाब म्हणजे प्रेम, लिली म्हणजे निर्मळपणा, कोमेजणं म्हणजे प्रेमाचा शेवट. मी निबंधात एक वाक्य जास्तीचं लिहिलं, की काटेवाडीच्या आमच्या शेतात उसाला तुरा आला की माझ्या वडिलांचा, तात्यांचा चेहरा उतरतो, कारण फुललेला ऊस वाढायचा थांबतो आणि आतून पोकळ पडत जातो. तुम्ही ते मोठ्यानं वाचलंत. "बाईसाहेब थेट बांधावरून आल्यात वाटतं." सगळे हसले, मीही हसले. मग लाल पेनानं ते खोडून, वही परत देताना तुम्ही हळू म्हणालात, "परीक्षकाला हे कळणार नाही. तुझेच मार्क जातील." ते माझ्या भल्यासाठी होतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

आता बारामतीत तुमच्याच जागेवर मी शिकवते, आणि इतकी वर्षं तीच यादी सांगत आले. गेल्या आठवड्यात इंदापूरकडच्या एका मुलीनं याच विषयावर प्रकल्प दिला. कवी प्रेयसीला म्हणतो, फूल कोमेजायच्या आत प्रेम कर. तिनं लिहिलं होतं, आमच्याकडे फूल दिसलं म्हणजेच उशीर झालेला असतो, ऊस वेळेवर तुटलेला नसतो. मी पेन उचललं आणि खोडलं. ती समोरच उभी होती.

"मॅडम, आमच्या वस्तीवर गुलाब कुणी लावलाच न्हाय. तुरा मी रोज बघते. बघितलेलं लिवायचं न्हाय का?"

"अगं, बाहेरचे परीक्षक येतात. त्यांना काय कळणार?"

"तुमाला कळलं का पण?"

मी तिचा प्रकल्प पिशवीत टाकला. संध्याकाळी घरी ते पान पुन्हा काढलं. पुढे तिनं लिहिलंय, आई आणि दादा, म्हणजे तिचे वडील, एकमेकांशी दोन शब्द मायेचे बोलायचं कायम हंगाम संपल्यावर ठेवत राहिले; दादा गेले तेव्हा आईचं सगळं बोलणं तुऱ्याला आलेलं होतं. सर, त्या कवितांमधलं प्रेम मला इतकं नीट कधी समजावता आलं नव्हतं.

ते पान मी तिला तसंच्या तसं पुन्हा लिहायला सांगितलं आणि पूर्ण मार्क दिले. विभागप्रमुख म्हणाले, "प्रकल्प नाकारला तर तिचं वर्ष जाईल. मग?" मी म्हटलं, "उद्या परीक्षक आले की मी तिच्या शेजारी बसते. जे विचारायचं ते मला विचारू द्या." घरी येताना मात्र मनात आलं, तुमच्याशी राहिलेलं भांडण मी तिच्या वर्षावर तर भांडत नाही ना? म्हणून तिला फोन करून विचारलं, ते पान काढायचं का. "ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "नापास झाले तर पुन्यांदा बसंन." तेव्हा ठरलं. आता मागे सरायचं नाही.

तुम्ही आता या जगात नाही, तरी हे पत्र तुमच्या घरी देता आलं असतं. पण तुमच्या पत्नीची, बाईंची नजर गेलीय, कुणाला तरी त्यांना वाचून दाखवावं लागेल, आणि तुमच्या चुकीसाठी त्यांना समोर बसवणं मला बरं वाटत नाही. माझ्याच चुकीचं सांगायचं राहिलंय. त्या दिवशी खोडताना मी त्या वाक्याच्या पुढे वाचलंच नव्हतं. तिला वाटतं, मी सगळं वाचून खोडलं. उद्या परीक्षक यायच्या आधी तिला हे सांगायचं आहे, आणि खरं सांगते सर, परीक्षकापेक्षा मला त्याचीच जास्त भीती वाटते आहे.