एकदाही न अडलेली टेस्टर

शनिवार, १० जानेवारी. दुपारी.

आजपासून रोजनिशी. आमची नात तेजस्वी इंटर्नशिपला रोज लॉग लिहिते, दिवसभरात काय केलं ते. आता मीपण इंटर्नशिपमध्ये आहे, म्हणजे मलाही लिहायला पाहिजे. चौथीनंतर सलग एवढं पहिल्यांदाच लिहितेय. अक्षर चांगलं आहे अजून.

झालं असं, शिवमंदिराच्या रस्त्याला एक संस्था आहे. तिथे आपल्या इकडच्या कॉलेजच्या मुलांकडून मोबाइलची ॲप बनवून घेतात. दर शनिवारी ऐरोलीच्या एका कंपनीतून किर्ती मॅडम येतात. त्या मेंटर. शिकवत नाहीत, बाजूला बसून नुसतं विचारतात, असं का केलंस, तसं का केलंस. आमच्या बाई बाजूला येऊन बसल्या की आम्हाला बेचासुद्धा पाढा आठवायचा नाही.

ॲप कॅम्प तीन नावाच्या वस्तीतल्या एका दवाखान्यासाठी आहे. म्हाताऱ्यांनी उजाडायच्या आत जाऊन पायरीवर बसायचं नाही, घरूनच नंबर लावायचा. एक ॲप तेजस्वीचं, दुसरं बारवी धरणाकडच्या पाड्यावरून येणाऱ्या मीनाचं. दवाखाना जिचं घेईल, ती मुलगी वर्षभर पगारी अप्रेंटिस. आणि नाही झालं तर? जितेशने, म्हणजे तिच्या बापाने, सांगून ठेवलंय, फेब्रुवारीपर्यंत कर काय करायचं ते, मग कॅम्प तीनला माझ्या ओळखीचं जीन्सचं दुकान आहे, काउंटरला उभी राहा.

नाही होण्याचा प्रश्नच नाही. कारण मॅडमनी सांगितलं, घरातलं एक म्हातारं माणूस टेस्टिंगला आणा, आणि तेजस्वीने मला निवडलं. आण्णांना नाही. आण्णा म्हणजे आमचे हे. मी मुद्दाम त्यांच्यासमोर विचारलं, मलाच का गं? ती म्हणाली, आण्णा फोन फेकून मारतील. हे पेपरमागून म्हणाले, हिला साधा गॅस बारीक करता येत नाही.

सोडून दिलं. आनंदात होते.

रविवार, ११ जानेवारी.

काल संध्याकाळी तेजस्वीने मला संस्थेत नेलं. मॅडम म्हणाल्या, आजी, इथे पास-नापास काही नाही, जिथे अडाल तिथे सांगा, आम्हाला तेच हवंय. असं परीक्षेआधी सगळेच म्हणतात. मी काय काल जन्मले?

निश्चय: एकदाही अडायचं नाही. नातीची मान खाली जाईल असं काही आपल्या बोटातून होता कामा नये.

मंगळवार, १३ जानेवारी. दुपारी.

तेजस्वीचा जुना फोन घरातच असतो, त्यात ॲप आहे. ती कॉलेजला गेली की सराव. हिरव्या चौकोनावर दाबायचं. मग खाली उजव्या कोपऱ्यात. मग चार आकड्यांचा कोड मागतो. तो म्हणे खरा असला की मेसेजने येतो, पण टेस्टिंगपुरता एकच ठेवलाय, एक दोन तीन चार. सोप्पा. मग पुन्हा हिरवं. लागला नंबर.

चष्म्याशिवाय अक्षरं मुंग्यांसारखी दिसतात. पण अक्षरं वाचायची गरजच काय, जागा पाठ आहेत. निश्चय: टेस्टिंगला चष्मा घालायचा नाही. उगाच म्हातारं दिसतं.

तिळगूळ केला. पाक जरा कडक झाला. ह्यांची कवळी अडकली, बरंच झालं.

शनिवार, १७ जानेवारी.

टेस्ट झाली. मी मॅडमच्या तोंडाकडे बघत बघत नंबर लावला. फोनकडे बघितलंसुद्धा नाही. मॅडम म्हणाल्या, आजी, बघून दाबा. मी म्हटलं, कशाला?

मग विचारलं, अक्षरं वाचता येतात? म्हटलं, स्वच्छ. म्हणाल्या, वाचून दाखवा. म्हटलं, ‘नंबर लावा.’ दुसरं काय असणार तिथे?

तेजस्वीचा चेहरा असा फुलला! पाचवीत स्कॉलरशिपला बसली होती तेव्हा असा होता. स्कॉलरशिप मिळाली नव्हती ते सोडा.

मीनाने तिची आजी आणली होती, जिवली. तिच्या फजितीचं काय लिहू. फोन उलटा धरला. मग म्हणते, बाय, मना तं कायबी दिसत नाय. मग कोड मागितला तर मीनालाच विचारते, हा आकडा मी कुठून आणू? मेसेज बघ म्हटलं तर म्हणते, मना मेसेज नाय कळत, मी मिस कॉल देते, लोकं मना फोन करतात. सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत, खुर्ची ओढून तिच्याजवळ बसल्या आणि तासभर तिच्याशीच बोलल्या. अशा माणसांना जास्त वेळ द्यावा लागतोच. मला पाच मिनिटांत सोडलं. हुशार मुलांना बाई लवकर सोडतात.

बिचारी मीना. घरी येऊन तिच्यासाठी वाईट वाटून घेतलं. थोडा वेळ.

मंगळवार, २० जानेवारी.

शेजारच्या कुंदाला सांगितलं, मी टेस्टर आहे. तिने विचारलं, कशाची, लोणच्याची? तिला ॲपमधलं कळत नाही. तिचा भाऊ भावेश मोबाइलच्या दुकानात आहे म्हणून एवढा तोरा.

प्लॅन: तेजस्वी लागली की तिथेच सीनियर टेस्टरची जागा मागायची. पगार नको, रिक्षाचं भाडं दिलं तरी चालेल. दुपारी सोसायटीतल्या बायकांचा क्लास घ्यायचा. कुंदाला शेवटी बसवायचं.

शनिवार, २४ जानेवारी.

दुसरी टेस्ट. पुन्हा एकदाही अडले नाही. मॅडमनी तेजस्वीला विचारलं, तुझ्या ॲपमध्ये एकसुद्धा अडचण सापडत नाही, तुला विचित्र नाही वाटत? तेजस्वी म्हणाली, आजी स्मार्ट आहे, मॅडम. हे वाक्य इथे लिहून ठेवतेय.

जिवलीमुळे मीनाने सगळं ॲप मोडून परत मांडलं म्हणे. अक्षरं टोपलीएवढी. कोडच काढून टाकला. मिस कॉल द्यायचा, उलटा फोन येतो आणि बाई नंबर सांगते. म्हणजे ॲपच राहिलं नाही! तेजस्वीचं कसं, नाजूक, फिक्कट निळं, अक्षर बारीक. शहरातल्यासारखं.

रिक्षात तेजस्वीने विचारलं, आजी, खरं सांग हं, कुठे काही कळलं नाही असं झालं का? म्हटलं, छे.

सोमवार, २ फेब्रुवारी.

शनिवारी दवाखान्यात डेमो. खरे म्हातारे, खरे फोन. निश्चय: सगळ्यात आधी मी. मोतिया रंगाची साडी इस्त्रीला टाकली. तेजस्वी रात्री नीट जेवली नाही. जितेशने दुकानदाराला फोन करून ‘शनिवारनंतर सांगतो’ म्हटलं. मी म्हटलं, सांगायची गरज पडणार नाही.

हे म्हणाले, विठा, तू नको जाऊस. मी कारण विचारलं नाही. मत्सर.

शनिवार, ७ फेब्रुवारी. संध्याकाळी.

शेअर रिक्षाने गेलो. कॅम्प तीनमध्ये एवढी गर्दी, जीन्सचे गठ्ठे रस्त्यावर, दोनदा उतरून चालावं लागलं.

दवाखान्यातले ट्रस्टी, मॅडम, बाकावर म्हातारी माणसं. सिंधी, मराठी, सगळी. मी उभी राहिले. हिरवं. खाली उजवीकडे. एक दोन तीन चार.

लाल अक्षर आलं. पुन्हा एक दोन तीन चार. लाल. तिसऱ्यांदा जरा जोरात दाबलं. फोनने सांगितलं, आता उद्या या. म्हणजे तेजस्वीने वाचून दाखवलं. मला वाचता आलं नाही.

तेजस्वी हळूच म्हणाली, आजी, आज खरा कोड आहे, मेसेजमध्ये बघ. मेसेज कुठे असतो ते मला माहीत नव्हतं. कधी लागलंच नाही.

मग बाकीच्यांनी करून बघितलं. एक बाई म्हणाली, एवढं बारीक? दुसरीला मेसेज सापडला पण परत कसं यायचं ते नाही. एक म्हातारे कपाळाला हात लावून म्हणाले, साईं, इससे अच्छा तो मैं सुबह आके सीढ़ी पे बैठता हूँ. कोणाचाच नंबर लागला नाही.

मग मीनाचं. जिवलीने मिस कॉल दिला. फोन वाजला. तिने कानाला लावला आणि हसली. बाकावरच्या सगळ्यांनी दिला. सगळ्यांचे फोन वाजले.

नेटवर्क खराब होतं. कॅम्प तीनमध्ये असतंच.

घरी आल्यावर तेजस्वीने विचारलं, आजी, तू पाठ केलं होतंस? म्हटलं, अभ्यास केला होता.

ती बाथरूमला गेली. नळ बराच वेळ चालू होता. मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. काहीच आलं नाही. साडीची घडी केली.

मंगळवार, १० फेब्रुवारी.

मीनाला ठेवलं.

वरण-भात. हे काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

गुरुवार, १२ फेब्रुवारी.

तेजस्वी दुकानात जायला लागली. सकाळी डबा देताना म्हटलं, उभं राहून पाय दुखतील, मधे मधे बस. म्हणाली, बसू देत नाहीत, आजी.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी. दुपारी.

किर्ती मॅडमचा फोन आला. मला वाटलं, निकाल चुकला असेल. नाही. म्हणाल्या, मीनाचं ॲप अजून सुधारायचंय, पण जिवलीला आता सगळं यायला लागलंय, तिच्यावर टेस्ट करून काही कळत नाही. ज्याला खरंच काही येत नाही असं माणूस हवंय. मी म्हटलं, असं कोण मिळणार?

म्हणाल्या, तेजस्वीने तुमचं नाव दिलंय. म्हणाली, आजीला काहीच येत नाही, आणि आता ती लपवणार नाही.

उद्या दहा वाजता बोलावलंय. हो म्हटलं.

मग भाकऱ्या थापल्या. चार झाल्या, दोन करपल्या.